जुन्या सुपर-फझमधून ऑक्टेव्ह ऐकूच आला नाही, तर ते पेडल घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घणसोलीला राहता. नेरुळच्या एका गृहस्थांकडे १९७०च्या सुमाराचं जपानी बनावटीचं सुपर-फझ, म्हणजे गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत (फझ) करणारं पेडल, विकायला आहे. तुम्ही जाऊन पंधरा-वीस मिनिटं वाजवून पाहिलंत, ब्रिज पिकअपवर (तारांची कंपनं पकडणारा, ब्रिजजवळचा भाग), जाड तारांवर पॉवर कॉर्ड (सा-प-सा) लावून. फझ भरपूर आला, पण ज्या ऑक्टेव्हसाठी, म्हणजे वाजवलेल्या स्वराच्या एक सप्तक वरच्या स्वरासाठी, हे पेडल ओळखलं जातं तो काही आला नाही. मालक म्हणतात पेडल ठणठणीत आहे, तुमचा मित्र म्हणतो आतलं काहीतरी गेलंय. घ्यावं की नवीन घ्यावं?

माझा अंदाज असा की पेडल चांगलं आहे. ऑक्टेव्ह जिथे ऐकू येतच नाही, नेमक्या त्याच जागी तुम्ही वाजवलंत. मालकांना फोन करून आणखी एकदा वेळ मागा आणि या वेळी असं करा. नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या गळ्याकडचा, लावा. गिटारवरचा टोन पूर्ण शून्यावर आणा. जी तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर कुठेही एकच स्वर धरा, बाकीच्या तारा हाताने दाबून ठेवा, आणि पिक नेकच्या जवळ मारा. स्वर सुटल्यावर लगेच दुसरा वाजवू नका, तो विरेपर्यंत ऐका. फझच्या आतून वरच्या सप्तकातला तोच स्वर बासरीसारखा वर येताना ऐकू आला, तर पेडलचं सगळं आतलं काम शाबूत आहे.

असं का, हे नीट सांगतो, कारण एकदा हे कळलं की पेडल विकत घेताना तुम्हाला कोणाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षं ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर बनवायचं काम केलं. गिटार त्याआधीपासून वाजवतो. ऑक्टेव्ह फझ मला गिटारवाल्यांकडून कधीच समजला नाही, तो समजला बॅटरी एलिमिनेटरमुळे. पूर्वी घरोघरी रेडिओला लावायला ती डबी असायची. तिच्यात एक बारा-झिरो-बारा किंवा सहा-झिरो-सहा ट्रान्सफॉर्मर, मधली वायर ग्राउंडला, दोन टोकांना एकेक डायोड, आणि दोन्ही डायोडांची दुसरी टोकं एकत्र जोडलेली. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक वर जातं तेव्हा दुसरं खाली जातं, आणि डायोड फक्त वरचा भाग पुढे सोडतो. त्यामुळे खाली जाणारा भागही, कागदाची घडी घातल्यासारखा, उलटा होऊन वरच येतो. आत ५० आंदोलनं गेली, बाहेर १०० उंचवटे आले. कंडेन्सर कोरडा पडलेल्या एलिमिनेटरवर रेडिओ घूं करायचा, तो घूं ५०चा नसायचा, १००चा असायचा. म्हणजे मूळच्या बरोबर एक सप्तक वर.

भिंतीतल्या विजेच्या जागी गिटारचा सिग्नल घाला, झालं तुमचं ऑक्टेव्ह पेडल. कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचला १९७०च्या दशकात बनलेलं टायकोब्राही ऑक्टाव्हिया हे जवळजवळ असंच आहे: आधी सिग्नल वाढवायचा, मग छोटा मधल्या टॅपचा ट्रान्सफॉर्मर, मग दोन जर्मेनियम डायोड. ऑक्टाव्हिया ही मूळची रॉजर मेयरची कल्पना. तो ब्रिटिश नौदलासाठी ध्वनी आणि कंपनांवर संशोधन करणाऱ्या विभागात काम केलेला माणूस. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं १९६७च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत 'पर्पल हेझ'चा सोलो त्याच्या या यंत्रावर वाजवला.

तुमच्या सुपर-फझमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. जपानमध्ये आधी हनी आणि मग शिन-एई या कंपन्यांनी ते बनवलं, आणि अमेरिकेत ते युनिव्हॉक्स या नावानं खपलं. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड ते वापरायचा. पुढे १९८८मध्ये मडहनी या अमेरिकन बँडनं आपल्या रेकॉर्डला ज्या दोन पेडलांचं नाव दिलं, त्यातलं एक हे. त्याच्यात ट्रान्सफॉर्मरचं काम एक ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या कलेक्टरवर आणि एमिटरवर सारख्या किमतीचे रेझिस्टर असतात, म्हणून दोन्हीकडे सारख्याच उंचीचा पण एकमेकांच्या उलट सिग्नल मिळतो. पुढे दोन ट्रान्झिस्टरांचे कलेक्टर एकत्र बांधलेले आहेत, ते डायोडांसारखे एकेक अर्धा भाग उचलतात. त्यानंतर दोन जर्मेनियम डायोड त्या सिग्नलचे शेंडे छाटतात, आणि मग टोनचा स्विच. तो एका बाजूला केला की मधला भाग पोकळ होतो, दुसऱ्या बाजूला केला की भरलेला राहतो. भरलेल्या बाजूला ऐका, तिथे ऑक्टेव्ह लवकर पकडता येतो.

आता 'सारख्याच उंचीचा' या शब्दांवर थांबा, कारण सगळं तिथेच आहे. दोन शेजारचे उंचवटे अगदी सारखे असतील तरच कानाला दुप्पट वेगाचा स्वर ऐकू येतो. एक उंच आणि एक बुटका झाला, तर एक पूर्ण फेरा उंच-बुटका असा दोघांचा मिळून होतो, आणि मूळ स्वर परत येऊन बसतो. थोडा फरक असेल तर दोन्ही स्वर मिसळलेले, जास्त असेल तर नुसता फझ. ऑक्टेव्ह गेला म्हणजे बहुतेक वेळा एखादा भाग जळालेला नसतो, तोल गेलेला असतो.

वाजवण्याचंही तसंच. तार जितकी जाड आणि पिक ब्रिजच्या जितका जवळ, तितके मूळ स्वराच्या डोक्यावर वरचे स्वरांश, म्हणजे त्याच्यासोबत आपोआप वाजणारे वरचे बारीक स्वर, जास्त. त्या गर्दीची घडी घातली की एकच सुटा वरचा स्वर मिळत नाही, खरखर मिळते. बाराव्या फ्रेटच्या वर, नेक पिकअपवर, टोन बंद करून तार छेडली की सिग्नल जवळजवळ गोल, साधा होतो. जी तारेच्या बाराव्या फ्रेटवर सेकंदाला ३९२ आंदोलनं असतात, पेडलमधून ७८४ स्पष्ट ऐकू येतात. जाड ई तार मोकळी सोडलीत तर ८२ची १६५ होतात खरी, पण ती १६५ त्या तारेत आधीपासूनच दुसरा स्वरांश म्हणून वाजत असतात. वेगळं काही घडलंय असं कानाला वाटतच नाही.

पेटी वाजवणारे विचारतात, म्हणजे हे कपलरसारखं का? नाही. कपलरच्या पेटीत एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली पट्टीही खाली जाते आणि तिची वेगळी सूरपट्टी वाजते. इथे दुसरी सूरपट्टी नाही, एकाच स्वराची घडी आहे. हा फरक दोन स्वर एकत्र वाजवले की लगेच कळतो, आणि त्याची गोष्ट मला सांगायलाच हवी.

माझं स्वतःचं पेडल याच जातीचं आहे. बोटीवर नोकरी करणारे काका कोबेहून घेऊन आले होते. ते वर्षानुवर्षं छान चाललं, मग कधीतरी व्हॉल्यूम कंट्रोल खरखरायला लागला. मी तेव्हा कामात बुडालेलो, म्हणून ते एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. त्यानं मन लावून काम केलं, ते मी नाकारत नाही, पण जुनं दिसेल ते सगळं काढून नवं घातलं. पेडल परत आलं तेव्हा आवाज मोठा होता, खरखर गेली होती, आणि ऑक्टेव्हही गेला होता. मला फार वाईट वाटलं. काका तोपर्यंत राहिले नव्हते.

नौपाड्यातल्या घरात पावसाळ्याचे तीन रविवार मी ते उघडून बसलो. तोल सांभाळणारे जे दोन रेझिस्टर सारखे हवेत, त्यातला एक दहा के होता आणि दुसरा बारा के. एकत्र बांधलेल्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एकाचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त. जर्मेनियम डायोडांच्या जागी सिलिकॉनचे साधे ४१४८ नंबरचे डायोड. जर्मेनियम डायोड ०.३ व्होल्टच्या आसपास सुरू होतो, सिलिकॉन ०.६ किंवा ०.७ला. म्हणून पेडल मोठ्यानं वाजत होतं, आणि स्वभाव बदलला होता. लॅमिंग्टन रोडवरून पन्नास ट्रान्झिस्टर आणले, मल्टिमीटरवर एकेकाचा गेन मोजून कागदावर लिहिला, आणि त्यातून अगदी जुळणारी एक जोडी निवडली. रेझिस्टरही मोजून जुळवले. जर्मेनियम डायोड जुन्या रेडिओतून काढले. ते लावताना पायाला चिमटा धरायचा, म्हणजे सोल्डरिंगची उष्णता आत जात नाही. हे काम घाईनं केलं तर डायोड तिथेच मरतो.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ऑक्टेव्ह परत आला. मी गिटारचा व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली आणला, डी तारेच्या सातव्या फ्रेटवर ए धरला, जी तारेच्या नवव्या फ्रेटवर ई धरला, आणि दोन्ही एकत्र सोडले. म्हणजे ए हा षड्ज मानला तर सा आणि प. आई आतल्या खोलीत होती. ती कित्येक वर्षं गाणं शिकलेली, रोज सकाळी तंबोरा लावणारी. तिथूनच तिनं विचारलं, "अरे, गंधार कोण लावतंय?"

गंधार कोणीच लावत नव्हतं. गिटारवर तो स्वर नव्हताच. हिशेब मी नंतर मांडला. ए म्हणजे २२०, ई म्हणजे जवळजवळ ३३०. पेडल दोन्हींची दुप्पट करतं, ४४० आणि ६६०. पण दोन स्वर एकाच घडीत सापडले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही बाहेर पडते. बेरीज ५५०, वजाबाकी ११०. ४४०, ५५०, ६६० म्हणजे चारास पाचास सहा, म्हणजे सा ग प. आणि खाली ११०चा खर्ज. तंबोरा सुरात लागला की षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो खर्जाच्या पाचपट असतो. ११०ची पाचपट ५५०. आईनं ऐकलेला गंधार तोच होता. गिटारच्या फ्रेटवर जो सी शार्प मिळतो तो ५५४चा, किंचित चढा. पेडलमधला त्याच्या खाली, तंबोऱ्यातल्या गंधाराच्या जागी बसतो. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

म्हणून मला हे पेडल इतकं प्रिय आहे. लोक त्याला नुसतं आरडाओरडा करणारं यंत्र समजतात. तुम्ही तारांवर काय ठेवता ते ऐकून हे आपला हिशेब करतं. सा-प ठेवलंत तर गंधार देतं. जवळजवळचे दोन स्वर ठेवलेत तर वजाबाकी इतकी लहान होते की खाली नुसती घरघर येते. पूर्ण सहा तारांची कॉर्ड टाकलीत तर बेरजा-वजाबाक्यांचा चिखल. तुम्ही नेरुळला पॉवर कॉर्ड लावली होती, म्हणजे तीही सा-प-सा. खालच्या तारांवर, ब्रिज पिकअपवर, एक्स्पांडर पूर्ण चढवून तो गंधार दबला असणार. या पेडलवर फझच्या नॉबचं नाव एक्स्पांडर आणि आवाजाच्या नॉबचं बॅलन्स. त्या बॅलन्सचा मी वर सांगितलेल्या तोलाशी संबंध नाही, गोंधळू नका.

आता खरेदीचं. जाताना नवी नऊ व्होल्टची बॅटरी न्या, मालकांची कधीची असेल ते माहीत नाही. ॲडॉप्टर लावून बघण्याच्या भरीस पडू नका. इतक्या जुन्या पेडलांत त्याचं सॉकेट बहुतेक नसतंच, आणि नंतर कोणी बसवलेलं असेल तर प्लस-मायनस कसे जोडलेत ते बाहेरून कळत नाही. गिटारमधून केबल थेट पेडलमध्ये, मध्ये दुसरं काही नको. घरातले डिमर आणि ट्यूबलाइट बंद करायला सांगा. घरच्या विजेचा घूं फझ वाढवतोच, आणि हे पेडल त्याचीही दुप्पट करून ठेवतं.

मग मालकांची परवानगी घेऊन तळ उघडा. ते नाही म्हणाले तर मी असलं महागडं जुनं पेडल घेणार नाही, माणूस कितीही चांगला असो. आत तुम्हाला दुरुस्ती करायची नाही, फक्त बघायचंय. सोल्डर सगळीकडे एकसारखं, जुनाट, मंद दिसतंय का? की काही ठिकाणी चकचकीत थेंब आहेत? चकचकीत जागी कोणाचा तरी हात लागलेला असतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदललेले असतील तर हरकत नाही, पन्नास वर्षांत ते कोरडे पडतातच, ते बदलणं ही देखभाल आहे. ट्रान्झिस्टर किंवा डायोड बदललेले दिसले तर किंमत खाली आली पाहिजे. तपकिरी पीसीबीवरचे (सगळे भाग बसवलेल्या पाटीवरचे) तांब्याचे पट्टे नीट बघा. जास्त वेळ सोल्डरिंग गन धरली की ते उचलले जातात, आणि एकदा उचलले की नुसत्या जोडवायरीच राहतात. एखादा छोटा ट्रिमपॉट (स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा आतला कंट्रोल) दिसला तर त्याला हात लावू नका. पुढे कधी फिरवायची वेळ आली तर आधी त्याच्या जागेवर मार्करनं खूण करा.

व्हॉल्यूम खरखरत असेल तर त्यावरून पेडल नाकारू नका. खाडीकाठच्या आपल्या हवेत जुलैत कोणताही कार्बनचा पॉट (नॉबच्या खालचा कंट्रोल) खरखरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की बहुतेक शांत होतो. घरी आणल्यावर बॅटरी आत ठेवून विसरू नका. पाझरलेल्या बॅटरीनं जितकी जुनी पेडलं खाल्ली तितकी वाजवून कोणी संपवली नसतील.

नवीन घ्यावं का, तर तेही प्रामाणिकपणे सांगतो. सर्किट लहान आहे, त्यात काही गुपित उरलेलं नाही, आणि आज बनणाऱ्या चांगल्या नकला ऑक्टेव्ह छान देतात. वर लोकरीसारखं मऊ आवरण असलेलं फॉक्स टोन मशीन बनवणारा स्टीव्ह रिडिंजर पुढे डॅनइलेक्ट्रो चालवू लागला, आणि त्याच कंपनीनं तो आवाज फ्रेंच टोस्ट नावाच्या छोट्या, स्वस्त पेडलमध्ये आणला. टोन मशीनमध्ये ऑक्टेव्हला वेगळा स्विच आहे, चालू-बंद करता येतो. सुपर-फझमध्ये तो कायम चालूच. तुम्हाला आठवड्यातून एकदा वाशीच्या जॅम रूममध्ये एखादा सोलो वाजवायचाय, बाकी वेळ साधा फझ हवाय, तर स्विचवालं नवीन घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला अँप बघा. बँडमध्ये ड्रम-बेस चालू असताना जुन्या-नव्यातला फरक समोरच्याला कळणार नाही, हे मी स्वतः वाजवून सांगतो.

पण घरी, कमी आवाजात, एकेक स्वर ऐकत बसायची तुम्हाला ओढ असेल, आत कोणाचा हात लागलेला नसेल आणि जी तारेवर ऑक्टेव्ह येत असेल, तर घ्या. मी घेईन.

परत जाल तेव्हा आधी जी तार, मग सा-प, या क्रमानं करा. तरीही ऑक्टेव्ह आला नाही, तर मालकांना विचारून पीसीबीच्या दोन्ही बाजूंचे उजेडात फोटो काढा आणि इथे खाली टाका. ते दोन रेझिस्टर कुठे आहेत आणि मल्टिमीटर कुठे लावायचा, ते मी फोटोवर खुणा करून देतो.